एक पायरी सूट

गेल्या वर्षी दूरच्या दोन देशांत युद्ध पेटलं होतं, तेव्हा काही महिने आमच्या गल्लीत जगाची परिस्थिती समजून घ्यायला पेपर लागत नव्हता. बसाप्पा मिस्त्रींच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, अंगणात डोकावलं की काम भागायचं. तिथं कंपाउंडच्या भिंतीला एक सागवानी शिडी टेकवलेली असायची आणि तिच्या कुठल्यातरी पायरीला लाल फडकं बांधलेलं असायचं, सळ्या भरलेल्या ट्रकच्या मागं बांधतात तसलं. फडकं तिसऱ्या पायरीला असलं की लोक निवांत कामाला जायचे. पाचवीला दिसलं की दूध आणायला निघालेली माणसं थांबून कुजबुजायची. "आज कितवी?" हा प्रश्न गल्लीत "चहा झाला का?" इतका सर्रास झाला होता.

शिडीला पायऱ्या आठ. नववीसाठी दोन्ही दांड्यांना भोकं पाडलेली होती, पण पायरी बसवलेली नव्हती. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "अण्णा, ही राहिली का?"

"ऱ्हायली न्हाय, सोडली," अण्णा म्हणाले. "नववी म्हंजे अणुबॉम्ब. तिथनं परत येऊन सांगाय कोण उरतंय? मग लाकूड कशाला वाया घालवू?"

एवढी कामाची वस्तू, पण लावली होती घराच्या बगलेला, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. रस्त्यावरून बघायची तर फाटकावर ओणवं होऊन मान वाकडी करावी लागे. दर्शनी भागात लावा की, असं मी दहा वेळा सुचवलं. अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. "तिथं ऊन लागतंय. सागवान तडकतंय." सागवान इतकं नाजूक असतं हे मला पटलं नव्हतं, पण लाकडाच्या बाबतीत अण्णांशी वाद घालण्याइतका मी अजून वेडा झालेलो नाही.

अण्णा मूळचे कागलच्या पलीकडचे. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. सगळी हयात शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर म्हणून काढली. फाउंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी त्या भागाचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा करतात आणि मग त्यात रस ओततात. हा नमुना करणारा तो पॅटर्नमेकर. अण्णांच्या हाताचे नमुने बघायला बाहेरगावची माणसं यायची असं ऐकलंय. मी मूळचा गारगोटीचा, इथल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. म्हणजे जगाचा नकाशा हा खरं तर माझा प्रांत. पण गल्लीत युद्धाबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. सगळे शिडी बघायचे.

अण्णांनी शिडी केली त्याला कारण होतं. त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा तिकडे नर्स आहे. लढणाऱ्या दोन देशांत नव्हे, त्यांच्या लगतच्या तिसऱ्या देशात, एका बंदराच्या गावी. रोज संध्याकाळी ड्युटीवर जाण्याआधी तिचा फोन यायचा. मी एकदा धीर द्यायला म्हटलं, "अण्णा, युद्ध तिच्या देशात नाही, नुसतं लगत आहे." अण्णांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. "मास्तर, गल्लीत मारामारी लागली की लगतच्या घराच्या काचा आधी फुटत्यात."

रोज सकाळी सातला अण्णा आमच्याकडे हजर. "आमचा टीव्ही बंद हाय." मी म्हटलं, दुरुस्तीचा माणूस ओळखीचा आहे, पाठवून देतो. तर म्हणाले, "नको, त्याचा पार्ट मिळत न्हाय." म्हातारा जरा चिकट दिसतो, असा शेरा मी मनातल्या मनात मारून ठेवला.

बातम्या बघण्याची त्यांची पद्धत अशी की आधी आवाज बंद करायचा. "ह्यो वरडायलाय म्हंजे ह्याला काय म्हाईत न्हाय." मग फक्त नकाशा आणि माणसांचे चेहरे बघायचे. कुठलाही पुढारी पडद्यावर आला की विचारायचे, "ह्याच्या मागं कोण हाय?" हा त्यांचा सगळ्यात लाडका प्रश्न. गल्लीत दोन कुत्री भांडली तरी हाच. लग्नात वरपक्ष रुसला तरी हाच. एकदा कोथिंबिरीची पेंडी अचानक महाग झाली, तेव्हा भाजीवालीला त्यांनी इतक्या गंभीरपणे "तुझ्या मागं कोण हाय?" विचारलं की तिनं खरंच मागं वळून बघितलं.

देशांची नावं ते घ्यायचे नाहीत. नाव घेतलं की माणूस पार्टी धरतो, असं त्यांचं म्हणणं. जगातल्या दोन महासत्ता म्हणजे वरची तालीम आणि खालची तालीम. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. फुटबॉलचा संघ, गणपती, मिरवणूक आणि भांडण हे सगळं तिच्याच छपराखाली चालतं. त्यामुळे गल्लीला हे राजकारण चटकन कळलं. मी महिनाभर फळ्यावर खडू झिजवून जे समजावू शकलो नसतो, ते अण्णांनी चहाच्या एका कपात समजावलं.

"हे बघा मास्तर. दोन बारक्या गल्ल्यांचं भांडण. ही दुसरी पायरी. तिथंच मिटतंय. पण एक गल्ली जात्या वरच्या तालमीत, म्हणत्या आमाला वाचवा. वरची तालीम काठ्या देत्या. ही तिसरी. मग खालच्या तालमीला कसं गप बसवंल? ती जाड काठ्या देत्या. मग काठी कशी धरायची ते शिकवाय माणूस पाठवायचा, ही चवथी. त्या माणसाला दगड लागला की पाचवी. आता भांडण गल्लीचं ऱ्हायलंच न्हाय. आता तालमीच्या माणसाला हात लावला! आता ईर्षा आली."

"आणि मूळ गल्ल्या?"

"त्यास्नी कोण विचारतंय? त्या म्हणत असतील, बाबांनो बास करा. पण तालमी आता गल्लीसाठी लढतच न्हाईत. त्या एकमेकींचं तोंड बघत्यात, आधी मागं कोण सरतंय म्हणून. दोगींच्या कपाटात नववी पायरी हाय. दोगींनाबी ती नको हाय. पण मी भ्यालो असं दिसलं तर? ह्या 'दिसलं तर'नं माणसं वर चढत्यात."

पण या शिडीचं खरं मर्म मला कळलं ते सूट प्रकरणावरून. वितळलेलं लोखंड गार होताना आकसतं. म्हणून लाकडी नमुना हिशेबानं थोडा मोठा ठेवावा लागतो, त्यालाच सूट म्हणतात, आणि त्यासाठी पॅटर्नमेकरकडे एक वेगळी पट्टी असते. त्या पट्टीवरचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. अण्णांची ती पितळी पट्टी अजून खिशात असते. "खोटी पट्टी हाय," ते अभिमानानं सांगायचे, "पण खरा माल हिनंच निघतोय." हाच नियम त्यांनी बातम्यांना लावला. बातमी तापलेली असते, गार झाली की आकसते. म्हणून टीव्हीवर जी पायरी दिसेल, तिच्या एक खाली फडकं बांधायचं. एक पायरी सूट. आणि खरं सांगतो, पहिले दोन महिने अण्णांचा अंदाज वाहिन्यांपेक्षा बरोबर निघाला. वाहिन्यांनी चार वेळा जग बुडवलं, अण्णांनी एकदाही नाही.

ही सगळी विद्या त्यांना कुठून मिळाली, तर एका फुटबॉल मॅचमधून. अण्णा तरुणपणी लाईनमन होते. दोन छोट्या संघांची मॅच होती, थ्रो कुणाचा यावरून बाचाबाची झाली. दोघांच्या मागं एकेक मोठी तालीम. ऐन उन्हाळ्यातली, दुपारी साडेचारची वेळ. आधी शिव्या, मग दगड. मग दोन्ही तालमींची माणसं खाली उतरली आणि मैदानाच्या दोन बाजूंना उभी राहिली. फाउंड्रीतल्या सळ्या आल्या होत्या म्हणे. कुणालाच पहिला वार करायचा नव्हता आणि कुणालाच पहिल्यांदा परत फिरायचं नव्हतं. तेव्हा अण्णा हातातलं निशाण घेऊन मैदानाच्या मधोमध गेले आणि पंचांना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, उजेड कमी हाय. मॅच थांबवा."

डोक्यावर ऊन रणरणत होतं. माणसांच्या सावल्या स्वच्छ पडल्या होत्या. मग वरच्या तालमीच्या वस्तादांनी डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हय, कमीच हाय." खालच्या तालमीचे वस्तादही म्हणाले, "बॉल दिसंना झालाय." आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या सळ्या घेऊन घरी गेली.

"तो थ्रो अजून बाकी हाय," अण्णा शेवटी सांगायचे. "मास्तर, चढाय सगळी मदत करत्यात. उतराय कारण लागतंय. खोटं चालतंय, पण दोघांनी मान्य केलेलं पायजे."

हा किस्सा मी सात-आठ वेळा तरी ऐकला. त्यांच्या बायकोनं, गौराक्कांनी, सातशे वेळा ऐकला असेल. चहा ठेवताना त्या शेवटचं वाक्य अण्णांच्या बरोबरीनं ओठातल्या ओठात म्हणायच्या आणि आत जायच्या. बाई मितभाषी. रक्तदाबाचा त्रास, त्यामुळे बाहेर फारशा दिसत नसत.

एकदा तर अण्णांनी दोन्ही महासत्तांच्या प्रमुखांना पत्रं लिहायला घेतली. मजकूर एकच, कुणाला कमीजास्त नको. त्यात मॅचची हकिगत आणि शेवटी विनंती, की तुम्हीही उजेड कमी आहे एवढंच म्हणा, आम्ही हसणार नाही. इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आलं. मी तीन दिवस 'ईर्षा' या शब्दापाशी अडून बसलो. कोल्हापूरच्या ईर्षेला इंग्रजीत शब्द नाही, असं सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "शब्द न्हाय, पण माल भरपूर हाय की त्यांच्याकडं." पत्रं गेली. उत्तर आलं नाही. पोस्टमनची सायकल दिसली की अण्णा मात्र फाटकापाशी यायचे.

मग तो आठवडा आला. सुनंदाच्या गावापासून जवळच एका बंदरावर हल्ला झाला. एका तालमीची माणसं मेली, दुसऱ्या तालमीनं आपली जहाजं समोर आणून उभी केली. मग कुणीतरी भाषणात नवव्या पायरीच्या त्या हत्याराचं नाव घेतलं. अण्णा आमच्या टीव्हीसमोर बसले होते. "मागं कोण हाय" त्यांनी विचारलं नाही. चहा तसाच ठेवून उठून गेले.

त्यांच्याच हिशेबानं ही आठवी पायरी होती. आदल्या संध्याकाळी सुनंदाचा फोन आला नव्हता, हेही मला माहीत होतं. पंधरा मिनिटांनी मी पाठोपाठ गेलो. बघतो तर फडकं चौथीला!

मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मास्तरकीची सवय, चूक दिसली की तोंड उघडतं. मी वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, "अण्णा, आज आठवी आहे! सूट धरली तरी सातवी! चार पायऱ्यांची सूट कुठल्या लोखंडाला देतात?"

अण्णांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत पाण्याच्या टाकीमागं नेलं. लाकूडकामाचा हात, मनगट दोन दिवस दुखत होतं.

"हळू की, मास्तर! ती खिडकीत हाय."

मी वाकून बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. तिच्या बरोबर समोर शिडी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिडी रस्त्यासाठी नव्हतीच.

"डॉक्टर म्हणालं, हिला बातम्या दाखवू नका," अण्णा खाली बघत म्हणाले. "मी टीव्हीचा प्लग काढून ठेवला. पेपर बंद केला. पण पोर तिकडं, आणि हिला काय सांगायचंच न्हाय, हे कसं जमावं? म्हणून ही शिडी केली. रोज उठली की खिडकीतनं बघत्या. चवथीपर्यंत भाकरी थापत्या. पाचवीला नुसता भात लावत्या. एकदा सहावी बांधली, तर दिवसभर देवघरात बसून ऱ्हायली, पाणीबी प्याली न्हाय. मग मी सहावी बांधायचंच सोडलं. काल पोरीचा फोन न्हाय. लाईन खराब हाय म्हणून सांगितलंय." मग ते म्हणाले, "खोटी पट्टी हाय मास्तर, म्हाईत हाय मला. पण हिला सांभाळाय माझ्याकडं दुसरी पट्टी न्हाय."

ज्या माणसाला मी चिकट म्हणून मोकळा झालो होतो, तो गेले कित्येक महिने एका बाईसाठी रोज सकाळी जगातलं युद्ध आटोक्यात ठेवत होता. मला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं आणि बजावलं, की गौराक्कांसमोर चुकूनही काही बोलू नकोस. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी काय बोलणार? त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. तुम्ही शाळेत गेलात की रोज दुपारी बारा वाजता येतात आपल्याकडे, बातम्या बघायला. अण्णा जेवून पडतात तेवढ्यात. पहिल्या आठवड्यापासून."

"मग शिडी?"

"शिडीबद्दल मीही विचारलं. म्हणाल्या, मी शिडी बघितली की त्यास्नी बरं वाटतंय. ते काळजीतनं उतरून खाली येत्यात आणि पोटभर जेवत्यात."

त्याही संध्याकाळी सुनंदाचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा सातला आले, उभ्यानंच बातम्या बघितल्या आणि गेले. मला राहवलं नाही, मीही मागोमाग गेलो आणि फाटकाशी थांबलो. अण्णा शिडीपुढं फडकं हातात घेऊन उभे होते. हात चौथ्या पायरीकडे गेला आणि मागं आला. मग सातवीकडे गेला. तिथूनही परत आला. अण्णा असेच पाच-दहा मिनिटं उभे राहिले असतील. खिडकीत गौराक्का उभ्या होत्या. दोघांची नजर एकमेकांवर होती, आणि दोघांपैकी कुणालाच पहिल्यांदा बोलता येत नव्हतं.

ऊन स्वच्छ पडलं होतं. खिडकीतल्या पितळी तांब्यावर ते इतकं चमकत होतं की मला डोळे बारीक करावे लागत होते. आणि गौराक्का म्हणाल्या, "अहो, आज उजेड लई कमी हाय. मला त्या पायऱ्या काय दिसंनात. ठेवा ती शिडी आत. भाकरी थापलीया, गार हुतीया."

अण्णा बघतच राहिले. मग त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर आभाळाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. हात खाली घेतला तेव्हा डोळे पाण्यानं भरले होते.

"व्हय," ते म्हणाले. "कमीच हाय."

शिडीचं दुसरं टोक मी धरलं. आत नेऊन ठेवली तर गौराक्का टीव्हीपाशी वाकल्या होत्या. प्लग त्यांनीच लावला. मी निघालो, पण अण्णांनी खांद्याला धरून बसवलं. तीन ताटांत भाकऱ्या वाढल्या होत्या. कुणी हात लावत नव्हतं. आवाज बंद करून आम्ही तिघं नकाशा बघत बसलो होतो, आणि फोन वाजला.

अण्णांनी स्पीकर लावला. "अव्वा? अण्णा? ऐकू येतंय न्हवं?" सुनंदाच होती. लाईन बंद होती, सलग ड्युटी लागली होती, असं भराभर सांगत होती. "तुम्ही टीव्हीवर काय बघू नका. हितं सगळं शांत हाय."

तिच्या बोलण्यामागं भोंगा वाजत होता. लांबलचक, वर जाणारा आणि खाली येणारा, हल्ल्याच्या इशाऱ्याचा असतो तसा. आम्ही तिघांनीही तो ऐकला.

"मागं कसला गं आवाज?" गौराक्कांनी विचारलं.

"अँब्युलन्स, अव्वा. हॉस्पिटल न्हवं का हे! तू जेवलीस?"

"व्हय की. आत्ताच दोन भाकऱ्या खाल्ल्या," गौराक्का म्हणाल्या. त्यांच्या ताटातली भाकरी अखंड होती.

फोन बंद झाला. अण्णांनी खिशातली पितळी पट्टी काढली, बोटांनी पुसली आणि पुन्हा खिशात ठेवली.

"माझीच पोर हाय," ते म्हणाले. "कुणी शिकवलं न्हाय, पण सूट बरोबर धरली."

गौराक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्यांच्या ताटात ठेवला.